एक बॅटरी, तीन द्रावणे: शाळेतले विद्युत अपघटन नीट कसे करावे

प्लास्टिकचा मग, कार्बनच्या दोन कांड्या, ६ व्होल्टची बॅटरी आणि उपड्या परीक्षानळ्यांत चढणारे बुडबुडे. गोवा मंडळाच्या दहावीला असलेल्या एनसीईआरटीच्या विज्ञानाच्या पुस्तकात हा प्रयोग पहिल्याच प्रकरणात येतो, आणि बहुतेक शाळांत विद्युत अपघटन तिथेच आटोपते. मग मुलांची समजूत होऊन बसते की वीज सोडली की पाणी फुटते आणि एकीकडे हायड्रोजन, दुसरीकडे ऑक्सिजन निघतो. हे अपुरे आहे. त्याच मगात मीठ घातले तर ऑक्सिजनऐवजी क्लोरीन येतो. मोरचूद (कॉपर सल्फेट) घातले तर ऋण बाजूला वायू निघतच नाही, कांडीवर तांबडा थर बसतो. बॅटरी तीच, कांड्या त्याच.

काय बाहेर पडणार हे दोन प्रश्नांवर ठरते. ऋणाग्रावर बॅटरी इलेक्ट्रॉन देत असते. तिथे जमलेल्यांपैकी ते सर्वांत सहज कोण घेतो? आणि धनाग्रावरून बॅटरी इलेक्ट्रॉन ओढून घेते. तिथे ते सर्वांत सहज कोण देतो? दुसऱ्या प्रश्नाच्या उमेदवारांत खुद्द कांडीही धरायची, ही गोष्ट विसरली जाते. प्रत्येक द्रावणाला हे दोन प्रश्न विचारले तर पाठांतराची गरज जवळजवळ उरत नाही. हायस्कुलात विज्ञान इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलांसाठी एवढेच लक्षात ठेवा: धनाग्र म्हणजे अ‍ॅनोड, बॅटरीच्या धन टोकाला जोडलेला, ऋणाग्र म्हणजे कॅथोड, ऋण टोकाला जोडलेला.

साहित्य जमवताना

वीज फक्त बॅटरीची वापरा. १.५ व्होल्टचे चार मोठे सेल एकापुढे एक जोडले की ६ व्होल्ट मिळतात आणि ते बराच वेळ टिकतात. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरीही चालते, पण लवकर दमते. घरच्या २३० व्होल्टच्या प्लगमधून, बल्ब मध्ये घालून किंवा डायोड लावून, हा प्रयोग कधीही करू नका. ओल्या हातांनी करायचा प्रयोग आहे, शॉक जीवघेणा ठरेल.

कांड्यांसाठी प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातले कार्बन रॉड सर्वांत चांगले. ते नसतील तर शिसपेन्सिली. पेन्सिलीचे शिस म्हणजे ग्रॅफाइट आणि चिकणमाती यांचे मिश्रण. पेन्सिल जितकी काळी आणि मऊ, तितके ग्रॅफाइट जास्त आणि विजेला अडथळा कमी. म्हणून ‘एचबी’पेक्षा ‘४बी’ किंवा ‘६बी’ घ्या. दोन्ही टोके तासा, निदान एक सेंटिमीटर शिस उघडे ठेवा. पेन्सिल आधी जमिनीवर पडलेली असेल तर आतले शिस तुटलेले असू शकते. बाहेरून काही दिसत नाही आणि प्रवाह वाहत नाही. जुने सेल फोडून आतली कांडी काढायचा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो, तो मुलांना देऊ नये: अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असते, ते त्वचा आणि डोळे भाजते.

स्टीलचा चमचा किंवा खिळा धनाग्र म्हणून लावू नका. धन बाजूचे स्टील विरघळायला लागते, द्रावण पिवळट-तपकिरी होते आणि त्यात क्रोमियमची विषारी संयुगे येऊ शकतात. ऋण बाजूला स्टील लावले तर तसे होत नाही, कारण तिथे धातूकडून इलेक्ट्रॉन काढून घेतले जात नाहीत.

जोडणीसाठी वायर आणि क्रोकोडाइल क्लिपा लागतील. आपल्याकडच्या दमट हवेत, त्यात पावसाळ्यात, क्लिपांच्या दातांवर गंज आणि सेलच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी चढलेली असते. जूनमध्ये कपाटातून काढलेले सामान तसेच वापरले तर बुडबुडे येत नाहीत आणि दोष द्रावणाला दिला जातो. आधी सगळी टोके पॉलिश पेपरने घासा. शाळेत मल्टिमीटर असेल तर तो मंडलात एकसरीत जोडून प्रवाह मोजा. सुरुवात मोठ्या, १० अँपिअरच्या खोबणीतून करा, नाहीतर आतला फ्यूज जातो.

बॅटरीची वायर कोणती कुठली हे विसरला असाल तर कागदावर हळदीचे पाणी लावा, तो मिठाच्या पाण्याने ओला करा आणि दोन्ही टोके एक सेंटिमीटर अंतरावर काही सेकंद टेकवा. ज्या टोकाखाली लाल डाग उमटेल ते ऋण. का, ते मिठाच्या प्रयोगात कळेल.

पहिले द्रावण: पाणी

शुद्ध पाण्यात सुमारे ५५ कोटी रेणूंमागे एखादाच रेणू आयनांत, म्हणजे प्रभारित कणांत, विभागलेला असतो. वीज वाहून नेणारे इतके थोडे असल्यावर ६ व्होल्टवर नजरेत भरण्याजोगे काहीच होत नाही. जांभ्या दगडातल्या विहिरीच्या पाण्यातही क्षार कमीच असतात, म्हणून नुसत्या विहिरीच्या पाण्यावर प्रयोग फसतो. उलट खाजनाच्या, म्हणजे खाडीलगतच्या खारट शेतजमिनीच्या, कडेच्या विहिरीत खारेपणा उतरलेला असेल तर प्रवाह छान वाहतो, पण धनाग्रावर क्लोरीन मिसळतो. त्यामुळे पेट्रोल पंपावर मिळणारे बॅटरीचे डिस्टिल्ड वॉटर वापरणे उत्तम. शेजारीच बॅटरीचे अ‍ॅसिडही विकायला असते. ते सुमारे ३५ टक्के सल्फ्युरिक आम्ल आहे. बाटली नीट वाचून घ्या.

अर्धा लिटर पाण्याला शाळेत १० मिली विरल, १ मोलर सल्फ्युरिक आम्ल घाला. घरी करायचे तर ५ ग्रॅम धुण्याचा सोडा. इथे मीठ घालायचे नाही. सल्फेट आणि कार्बोनेट आयन धनाग्राकडे जातात खरे, पण इलेक्ट्रॉन देण्याच्या बाबतीत पाणी त्यांच्यापेक्षा सहज तयार होते. म्हणून आम्ल संपत नाही, संपते ते पाणी.

मगाच्या तळाला ४ ते ५ सेंटिमीटर अंतरावर दोन भोके पाडा, ती रबरी बुचांपेक्षा किंचित लहान ठेवा. बुचांतून कांड्या अशा घाला की ३ सेंटिमीटर आत राहतील आणि खाली क्लिप लावण्याइतके टोक बाहेर येईल. बुचे नसतील तर एम-सील चालते, पण ते पुरते सुकायला एक रात्र द्या. हा प्रयोग बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण गळती आहे, म्हणून आधी साध्या पाण्याने भरलेला मग दहा मिनिटे कागदावर ठेवून बघा. क्लिप द्रावणात बुडता कामा नये. बुडाली तर तिचाच धातू विरघळतो आणि तांबूस किंवा हिरवट गाळ दिसतो.

आता द्रावण कांड्यांच्या वर ४ ते ५ सेंटिमीटर येईल इतके भरा. हातमोजे घाला. दोन सारख्या परीक्षानळ्या द्रावणाने काठोकाठ भरा, तोंड अंगठ्याने दाबून उलट्या करा आणि एकेका कांडीवर उभ्या करा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला असेल तर परत भरा, कारण त्याने पुढची सगळी मापे चुकतात. नळीचे तोंड तळाला पूर्ण टेकले तर आयनांची वाट अडते आणि प्रवाह पडतो, म्हणून ते अर्धा सेंटिमीटर वर राहील असा चिमटा लावा. मग बॅटरी जोडा.

सिद्धांताप्रमाणे पाणी फोडायला १.२३ व्होल्ट पुरतात. प्रत्यक्षात कांडीच्या पृष्ठभागावर वायू तयार होण्यासाठी जादा व्होल्टता लागते आणि २ व्होल्टच्या खाली फारसे काही दिसत नाही. ६ व्होल्टवर प्रवाह ५० ते १०० मिलीअँपिअरच्या आसपास असेल. हा आकडा वहीत लिहून ठेवा, कारण त्यावरून किती वायू यायला हवा हे आधीच सांगता येते.

हिशेब असा. प्रवाह ०.१ अँपिअर आणि वेळ ३० मिनिटे, म्हणजे १८०० सेकंद. प्रभार झाला १८० कूलोम. एक मोल (कण मोजायचे ठरावीक एकक) इलेक्ट्रॉन म्हणजे ९६,५०० कूलोम. म्हणजे सुमारे ०.००१८७ मोल इलेक्ट्रॉन गेले. हायड्रोजनचा एक रेणू बनायला दोन इलेक्ट्रॉन लागतात, म्हणून हायड्रोजन त्याच्या निम्मा, ०.०००९३ मोल. ३० अंश सेल्सिअसला एक मोल वायू जवळपास २४.९ लिटर जागा घेतो. उत्तर येते सुमारे २३ मिली. ऑक्सिजनच्या एका रेणूमागे चार इलेक्ट्रॉन मोकळे होतात, म्हणून तो अर्धा, साडेअकरा मिली. दोन्ही कांड्यांवर इलेक्ट्रॉनांची संख्या सारखीच, पण एका रेणूमागे एकीकडे दोन आणि दुसरीकडे चार. २:१ हे प्रमाण इथून येते. पाण्याच्या सूत्रात हायड्रोजनचे दोन अणू असतात हे कारणही चूक नाही, पण ते मोरचुदाच्या प्रयोगात उपयोगी पडत नाही. इलेक्ट्रॉनांचा हिशेब सगळीकडे चालतो.

१५ मिलीची नळी ०.१ अँपिअरवर साधारण वीस मिनिटांत हायड्रोजनने भरते. प्रवाह निम्मा असेल तर वेळ दुप्पट धरा. एका तासिकेत बसवायचे असेल तर नळ्या लहान घ्या.

तपासणीआधी बॅटरी सोडवा. हायड्रोजनची नळी तोंड खाली ठेवूनच उचला आणि पेटती काडी तोंडाशी न्या: ‘फट्’ आवाज होतो. नळीत नुसता हायड्रोजन असेल तर तो शांतपणे, न दिसणाऱ्या ज्योतीने जळतो. आवाज हवा मिसळल्यावर येतो, म्हणून काडी नेण्यापूर्वी तोंड एक-दोन सेकंद उघडे ठेवा. ऑक्सिजनची नळी अंगठा लावून सरळ करा, विस्तव धरलेली उदबत्ती आत न्या. ती एकदम भडकते. दोन्ही वायू एकाच भांड्यात कधीही गोळा करू नका, ते मिश्रण स्फोटक आहे.

ऑक्सिजन निम्म्याहून कमी भरला तर प्रयोग चुकला असे समजू नका. तो हायड्रोजनपेक्षा पाण्यात जास्त विरघळतो. शिवाय त्यातला काही धनाग्राच्या कार्बनशीच संयोग पावतो आणि कार्बन डायऑक्साइड होतो. सोड्याच्या द्रावणात हा कार्बन डायऑक्साइड शोषला जातो आणि तूट अधिक दिसते. धन कांडीभोवती काळी पूड पडते तीही याच झिजेची खूण. उपाय सोपा आहे: पंधरा मिनिटे नळ्यांशिवाय प्रवाह चालू ठेवा, द्रावण ऑक्सिजनने भरू द्या, मग नळ्या लावून मोजणी सुरू करा. तरीही प्रमाण नेमके २:१ येणार नाही. वहीत आलेले माप लिहा आणि शेजारी हे कारण लिहा. ओढूनताणून २:१ लिहिलेल्या पानापेक्षा ते पान जास्त मोलाचे आहे.

दुसरे द्रावण: मिठाचे पाणी

हा प्रयोग उघड्या व्हरांड्यात करा आणि तीन मिनिटांत थांबवा. ०.१ अँपिअरवर तेवढ्या वेळात क्लोरीन सव्वादोन मिलीच तयार होतो आणि बराचसा पाण्यातच राहतो. पण तो विषारी वायू आहे: नाक भांड्यावर नेऊन वास घ्यायचा नाही, दमा असलेल्या मुलाने लांब उभे राहायचे.

१०० मिली पाण्यात १० ग्रॅम मीठ विरघळवा, दोन कांड्या वरून सोडा, नळ्यांची गरज नाही. द्रावणात फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचे दोन थेंब टाका. ते नसेल तर जास्वंदीच्या लाल पाकळ्या गरम पाण्यात भिजवून आलेला अर्क वापरा. बॅटरी जोडताच ऋणाग्राभोवती बुडबुड्यांबरोबर फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी, जास्वंदीचा हिरवट रंग पसरतो. धनाग्राजवळ बुडबुडे कमी दिसतात आणि तिथे ओला लिटमस कागद धरला तर त्याचा रंगच उडतो. रंग बदलणे आणि रंग उडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उडणे हे क्लोरीनचे काम.

आता दोन प्रश्न. ऋणाग्राजवळ सोडियमचे आयन आणि पाणी दोन्ही आहेत. सोडियमला इलेक्ट्रॉन स्वीकारायला लावणे फार अवघड, पाणी त्याच्या खूप आधी स्वीकारते: हायड्रोजन सुटतो, हायड्रॉक्साइड मागे राहते आणि द्रावण तिथे अल्कधर्मी होते. हळदीचा लाल डाग तो हाच. हम्फ्री डेव्ही यांनी १८०७ मध्ये सोडियम मिळवला तो पाण्यातून नव्हे, वितळवलेल्या कॉस्टिक सोड्यातून (सोडियम हायड्रॉक्साइड). पाणीच नाही म्हटल्यावर इलेक्ट्रॉन घ्यायला सोडियमच उरतो.

धनाग्रावर कागदी हिशेबाने पाण्याने आधी इलेक्ट्रॉन द्यायला हवेत, पण कार्बनवर ऑक्सिजन तयार होण्याला लागणारी जादा व्होल्टता मोठी आहे आणि संहत द्रावणात क्लोराइड भरपूर आहे, म्हणून क्लोरीन बाजी मारतो. मीठ अर्धा ग्रॅमच घातले तर ऑक्सिजनचा वाटा वाढतो. परीक्षेत ‘संहत’ किंवा ‘विरल’ हा शब्द प्रश्नात दिसला की तो उगाच घातलेला नसतो.

गोव्यात या प्रयोगाला आणखी एक पैलू मिळतो, तो सोडू नये. एका भांड्यात पाकिटातले शुद्ध मीठ घ्या, दुसऱ्यात आगरवाडा किंवा रायबंदरकडच्या मिठागरातले जाडे मीठ. जाड्या मिठाचे द्रावण आधी गाळून घ्या, म्हणजे मातीचा गढूळपणा निघून जाईल. दोन्हींत सारखाच प्रवाह सोडा. जाड्या मिठाच्या भांड्यात ऋणाग्राभोवती पांढरा गढूळपणा येतो, पाकिटातल्या मिठात तो जवळजवळ नसतो. समुद्राच्या पाण्यातून आलेले मॅग्नेशियम या मिठात राहिलेले असते. ऋणाग्राशी तयार झालेल्या हायड्रॉक्साइडशी त्याची गाठ पडली की मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड होते, ते पाण्यात विरघळत नाही. खात्री करायला वीज न लावलेल्या जाड्या मिठाच्या द्रावणात विरल कॉस्टिक सोड्याचे थेंब टाका, तसाच पांढरा साका येतो. पावसाळ्यात बरणीतले जाडे मीठ पाझरते तेही मुख्यतः याच मॅग्नेशियमच्या क्लोराइडमुळे. ते हवेतली ओल शोषून घेते.

एकाच भांड्यात क्लोरीन आणि हायड्रॉक्साइड मिसळून सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचचे द्रावण बनते. त्यात नंतर व्हिनेगर, लिंबू किंवा कुठलेही आम्ल टाकू नका, क्लोरीन परत बाहेर येतो.

तिसरे द्रावण: मोरचूद

कुळागरात सुपारीवरच्या कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण फवारतात, त्यातले निळे खडे म्हणजेच मोरचूद, कॉपर सल्फेट. शेतीच्या दुकानात सुटे मिळते. पोटात गेल्यास विषारी. स्वयंपाकघरातले भांडे, चमचा वापरू नका.

१०० मिली पाण्यात १० ग्रॅम मोरचूद आणि विरल सल्फ्युरिक आम्लाचे काही थेंब. कार्बनच्या कांड्या लावा. दोन-तीन मिनिटांत ऋण कांडी तांबडी होते: तांब्याचे आयन पाण्याहून सहज इलेक्ट्रॉन घेतात, म्हणून हायड्रोजन नाही. धन कांडीवर ऑक्सिजन.

काही पुस्तकांत पुढे लिहिलेले असते की निळा रंग फिका होतो. एका तासिकेत तो होत नाही, आणि त्याचे कारण हिशेबात आहे. १० ग्रॅम मोरचुदात ०.०४ मोल तांबे असते. ते सगळे काढायला ७,७२० कूलोम लागतात, म्हणजे ०.१ अँपिअरने एकवीस तासांहून जास्त. फिका होणारा रंग दाखवायचाच असेल तर वेगळ्या भांड्यात ५० मिली पाण्याला अर्धाच ग्रॅम मोरचूद घ्या. तेव्हा तासाभरात फरक स्पष्ट दिसतो. तुलनेसाठी तेच द्रावण शेजारच्या नळीत, पांढऱ्या कागदापुढे ठेवा.

यानंतर कार्बन काढून तांब्याच्या पट्ट्या लावा. आता दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बदलते: धनाग्रावर पाण्याच्या आधी तांब्याची पट्टीच इलेक्ट्रॉन देते आणि आयन होऊन द्रावणात उतरते. जितके तांबे ऋणाग्रावर बसते तितके धनाग्रावरून येते, निळा रंग तसाच राहतो. तांबे शुद्ध करण्याच्या कारखान्यांत हेच मोठ्या प्रमाणावर चालते.

वजन करून फॅरेडेचा नियम (जितका प्रभार वाहतो त्या प्रमाणात तांबे बसते) पडताळायचा असेल तर काळजी जास्त घ्यावी लागते. ५ गुणिले ४ सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या, २५० मिली पाण्यात २५ ग्रॅम मोरचूद, १.५ व्होल्टचा एकच सेल आणि प्रवाह कमी-जास्त करायला ऱ्हिओस्टॅट. प्रवाह ०.३ अँपिअरवर धरून ठेवा, दर पाच मिनिटांनी बघा. अर्ध्या तासात ०.१८ ग्रॅम तांबे बसायला हवे, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर ते कळते. पट्ट्या आधी पॉलिश पेपरने घासा, साबणाने धुवा, मग फक्त कडेला धरा, कारण बोटाच्या तेलावर थर धरत नाही. शेवटी पाण्यात बुडवून काढा, स्पिरिटमध्ये बुडवा, वाळवा. पुसू नका, ताजा थर निघून जातो. पट्टीवर काळी, भुसभुशीत पूड आली तर प्रवाह जास्त झाला: पट्टीजवळचे तांब्याचे आयन कमी पडले, हायड्रोजनही सुटू लागला. ६ व्होल्ट थेट लावले की हेच होते. धनाग्राची घट ऋणाग्राच्या वाढीपेक्षा थोडी जास्त भरणे नेहमीचे आहे, पट्टीवरून काही कण तळाला पडतात. म्हणून नियम पडताळताना ऋणाग्राचे वजन धरा.

विज्ञान प्रदर्शनात लोखंडी किल्लीवर तांब्याचा मुलामा चढवून दाखवतात. किल्ली बॅटरी न जोडता नुसती द्रावणात बुडवा, ती तरीही तांबडी होते. लोखंड तांब्यापेक्षा क्रियाशील आहे, ते स्वतःच इलेक्ट्रॉन देऊन तांब्याला बाहेर काढते. हा थर सैल असतो, बोटाने निघतो. विजेचे काम दाखवायचे तर ऋणाग्राला कार्बन, तांबे किंवा स्टीलचा जुना चमचा लावा.

उरलेली द्रावणे

आम्लाच्या पाण्यात खाण्याचा सोडा फसफसणे थांबेपर्यंत घालून ते मोरीत सोडता येते. धुण्याच्या सोड्याचे पाणी तसेच मोरीत ओता. मिठाचे द्रावण दिवसभर उघड्यावर ठेवून मग भरपूर पाण्याबरोबर ओता. मोरचूद मात्र मोरीत, ओहोळात, विहिरीजवळ कुठेच ओतू नका. तांब्याचे आयन मासे आणि शेवाळ मारतात. चांगले द्रावण बाटलीत भरून, वर नाव आणि ‘विष’ असे लिहून पुढच्या वर्गासाठी ठेवा, ते खराब होत नाही. टाकायचेच असेल तर धुण्याचा सोडा घालत राहा, निळसर-हिरवा साका खाली बसतो आणि वरचे पाणी रंगहीन होते. ते पाणी गाळून सोडा. साका कागदासकट वाळवून प्रयोगशाळेच्या टाकाऊ रसायनांच्या डब्यात ठेवा.